सारच्या चित्रातली भुतं कशी उतरवायची

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत पूर आला तेव्हा मी घरापासून लांब होते. भाऊ गच्चीवरून व्हिडिओ कॉल करून पाणी दाखवत होता आणि माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडारचित्र उघडं होतं. पुराचं पाणी रडारला काळं दिसतं. शांत पाण्यावर पडलेली लहर पुढे निसटते, उपग्रहाकडे परत येत नाही. त्या काळ्या पट्ट्यात एका जागी फिकट राखाडी डाग होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, इथे पाण्याबाहेर वस्ती राहिलीय का?" राहिली नव्हती. तो डाग म्हणजे शहराचंच भूत होतं, रडारने चुकीच्या जागी उमटवलेली नक्कल, पाच किलोमीटर सरकून पाण्यावर बसलेली.

गणित करून पाहा. समजा शहराचा परतावा (परतलेल्या लहरीचा जोर) अधिक ५ डीबी, म्हणजे डेसिबल, आहे, पाण्याचा उणे २० आणि भूत शहरापेक्षा २५ डीबीने मंद. म्हणजे भूत उणे २० डीबीला आलं, पाण्याच्या बरोबरीला. दोन्ही मिळून तिथलं पाणी ३ डीबीने, म्हणजे दुप्पट, उजळ दिसणार. पूर कुठपर्यंत आला हे एका आकड्याच्या वरखाली ठरवणारा प्रोग्राम अशा ठिकाणी हमखास चुकतो.

अशी चित्रं काढणाऱ्या सिंथेटिक अपर्चर रडारला (उपग्रहाच्या चालीचा फायदा घेऊन लहान अँटेनाकडून मोठीचं काम करून घेणारं रडार) आमच्यात नुसतं 'सार' म्हणतात, भातावरच्या सारासारखंच. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांना एका चॅनलच्या कच्च्या डेटातून चित्र फोकस करता येतं, पण आता हातात दोन किंवा चार चॅनलचा (एकाच अँटेनाच्या वेगवेगळ्या तुकड्यांनी ऐकलेला) डेटा आलाय आणि चित्रात एकाच्या जागी तीन जहाजं दिसतायत.

आधी भूत कुठलं ते ओळखा

फिल्टरला हात लावण्याआधी मोजपट्टी घ्या. भुतं दोन जातींची. उपग्रहाच्या चालीच्या दिशेने सरकलेलं ते ॲझिमथचं, बाजूच्या दिशेने सरकलेलं ते रेंजचं. दोघांवरचे इलाज वेगळे आहेत.

ॲझिमथचं भूत मूळ वस्तूपासून किती लांब बसेल हे कागदावर काढता येतं: पीआरएफ, तरंगलांबी आणि तिरकं अंतर (उपग्रहापासून वस्तूपर्यंत सरळ रेषेत) यांचा गुणाकार, भागिले उपग्रहाच्या वेगाची दुप्पट. पीआरएफ म्हणजे दर सेकंदाला सोडलेल्या पल्सची संख्या. सेंटिनेल-१ची तरंगलांबी ५.५५ सेंटिमीटर, वेग सेकंदाला ७.६ किलोमीटर धरू, तिरकं अंतर ८५० किलोमीटर आणि पीआरएफ १,७०० हर्ट्झ. उत्तर येतं सव्वापाच किलोमीटर. मुंबईच्या चित्रात कुलाब्याच्या टोकापासून दक्षिणेला समुद्र शांत असेल त्या दिवशी बघा. उपग्रहाची वाट तिथे उत्तर-दक्षिण रेषेला दहा-बारा अंश तिरपी असते. त्या रेषेवर पाच किलोमीटरला काही उजळ दिसलं, तर ते बेट नाही.

रेंजचं भूत फार लांबून येतं. प्रकाशाचा वेग भागिले पीआरएफची दुप्पट, म्हणजे १,७०० हर्ट्झला ८८ किलोमीटर. शिवाय ते वेगळ्या अंतरावरचं असल्यामुळे फोकस होत नाही, सारवल्यासारखं पसरतं. म्हणून ढोबळ नियम असा: भुताला आकार असेल तर ॲझिमथ, नुसता धुरळा असेल तर रेंज. मी मुख्यतः पहिल्याबद्दल बोलणार आहे, कारण ॲझिमथला वाटलेले चॅनल त्याच्यासाठीच असतात.

आईचा भोकांचा कागद

अँटेना लहान घेतली तर चित्र बारीक येतं. तीन मीटरच्या अँटेनाने ॲझिमथला दीड मीटरचं रेझोल्यूशन मिळू शकतं. पण लहान अँटेनाचा बीम रुंद, म्हणून डॉप्लरचा, म्हणजे उपग्रहाच्या चालीमुळे लहरीच्या फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या फरकाचा, पट्टाही रुंद: दोन गुणिले वेग भागिले लांबी, म्हणजे ५,०६७ हर्ट्झ. पीआरएफ निदान तेवढा हवा, नाहीतर पट्ट्याची टोकं दुमडून मध्ये येतात आणि तीच भुतं होतात. आणि पीआरएफ तेवढा ठेवला, तर दोन पल्समधल्या वेळात तिरक्या अंतराची जेमतेम साडेएकोणतीस किलोमीटरची पट्टी मावते. बारीक हवं तर अरुंद घ्या, रुंद हवं तर भरड घ्या.

यावरची तोड अशी की बारा मीटरची अँटेना घ्यायची, ऐकताना तिचे तीन-तीन मीटरचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचं स्वतंत्र रेकॉर्डिंग ठेवायचं. पाठवताना बीम मात्र तीन मीटरच्या अँटेनाइतका रुंदच ठेवायचा. एका पल्सला चार नमुने मिळाले, म्हणजे पीआरएफ चौपट कमी चालेल. २००७ साली सोडलेल्या जर्मनीच्या टेरासार-एक्स आणि कॅनडाच्या रडारसॅट-२ या उपग्रहांची अँटेना ऐकताना दोन भागांत वाटता येत होती. टेरासार-एक्सवर तो प्रयोगापुरता मोड होता. जपानचा आलोस-२ आणि चीनचा गाओफेन-३ यांनी पुढे हीच दोन चॅनलची युक्ती नेहमीच्या चित्रांसाठी वापरली.

हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते आईच्या कागदामुळे. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी तिच्याकडे उदबत्तीने भोकं पाडलेला जाड कागद होता. कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, उचलायचा, पुढे सरकवून पुन्हा ठेवायचा. समजा कागदावर एका ओळीत चार भोकं आहेत, एकेक बोट अंतरावर. कागद बरोबर चार बोटं सरकवला तर ठिपके एकसारखे पडतात. तीन बोटं सरकवला तर नव्या खेपेचा पहिला ठिपका जुन्या शेवटच्यावर बसतो आणि एक भोक फुकट जातं. पाच बोटं सरकवला तर मध्ये फट राहते.

कागद म्हणजे अँटेना, भोकं म्हणजे चॅनल, सरकवणं म्हणजे एका पल्सपासून दुसऱ्या पल्सपर्यंत उपग्रहाने कापलेलं अंतर. एक मेख लक्षात ठेवा: दोन तुकड्यांची मधोमध ते मधोमध अंतरं तीन मीटर असली, तरी ठिपक्यांमधलं अंतर दीड मीटरच. पाठवणारा एक आणि ऐकणारा दुसरा असला की नमुना दोघांच्या मध्यावर पडतो, त्यालाच फेज सेंटर म्हणतात. सुरुवातीला मी इथे दीडऐवजी तीन घातले होते. चित्र फोकस झालं, छान दिसलं, फक्त भुतं गेली नाहीत. दोन आठवडे मी फिल्टरला दोष देत होते.

पीआरएफ निवडा, निदान तपासा

चार तुकड्यांचे चार ठिपके, दीड-दीड मीटरवर, म्हणजे दर पल्सला उपग्रह सहा मीटर सरकायला हवा. ७,६०० भागिले ६, उत्तर १,२६७ हर्ट्झ. हा सोयीचा पीआरएफ. इथे चार चॅनलच्या ओळी पत्त्यांसारख्या एकात एक पिसल्या की ५,०६७ हर्ट्झचा एकसारखा डेटा तयार. दुसरं काही करावं लागत नाही.

पण असा पीआरएफ नेहमी मिळत नाही. पल्स पाठवताना रिसीव्हर बंद असतो, उपग्रहाच्या थेट पायाखालून येणारा जोरकस प्रतिध्वनी चुकवायचा असतो, कक्षेची उंची वरखाली होते. टायमिंगच्या आकृतीत मोकळ्या जागा शोधत पीआरएफ ठरतो आणि तो १,२६७ ऐवजी १,३४० किंवा १,४५० निघतो. मग मागच्या पल्सचा शेवटचा ठिपका आणि नव्या पल्सचा पहिला ठिपका यांच्यातलं अंतर बाकीच्यांपेक्षा आखूड पडतं.

धोक्याचा आकडा आहे १,६८९. तिथे उपग्रह साडेचार मीटरच सरकतो, म्हणजे तीन बोटं, आणि नव्या पल्सचा पहिला ठिपका मागच्या चौथ्यावर नेमका बसतो. पुढे येणारी मॅट्रिक्स तिथे उलटवताच येत नाही, आणि त्याच्या आसपास उलटली तरी नॉइज प्रचंड वाढवते. अशा वेळी विद्यार्थी सॉफ्टवेअरशी झुंजत बसतात. सरळ एक चॅनल टाकून द्या. नऊ मीटर अँटेनाच्या तीन चॅनलसाठी १,६८९ हाच सोयीचा पीआरएफ आहे, हिशोब करून बघा. चार चॅनलचे पैसे भरले आणि तीनच वापरले याचं वाईट वाटतं खरं.

मॅट्रिक्स

ठिपके वेडेवाकडे पडले, तरी ते कुठे पडलेत हे ठाऊक असेल तर रांगोळी काढता येते. आई तेच करायची. याचं गणित जर्मनीतल्या क्रीगर, गेबर्ट आणि मोरेरा यांनी २००४ साली सारसाठी मांडलं आणि तेच आजही बहुतेक ठिकाणी वापरतात.

प्रत्येक चॅनलचा डेटा आधी रेंजला दाबून घ्या, मग ॲझिमथला एफएफटी, म्हणजे फ्रिक्वेन्सी सुट्या करणारं गणित. आता एक डॉप्लर बिन, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा एक कप्पा, घ्या. त्या बिनमध्ये चार वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी एकावर एक दुमडून बसलेल्या आहेत, एकमेकींपासून एकेक पीआरएफ लांब. अज्ञात चार आणि चॅनलही चार, म्हणजे चार समीकरणं. प्रत्येक चॅनलमध्ये प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती फेज (लहरीच्या चढउतारातली सरक) लागते ते ठाऊक आहे: पाय गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले पाठवणारा आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर, भागिले वेग. चार बाय चारची मॅट्रिक्स भरा, उलटवा, डेटाला गुणा, बाहेर आलेले चार तुकडे डॉप्लरच्या ओळीत एकापुढे एक ठेवा. पुढे नेहमीचा फोकसिंगचा प्रोग्राम, जणू एकाच चॅनलचा डेटा आहे.

हातून होणाऱ्या चुका मात्र ठरलेल्या आहेत.

वेग कुठला घालायचा? कक्षेतला, साडेसात-पावणेआठ किलोमीटरचा. जमिनीवरून सरकणाऱ्या सावलीचा वेग त्याहून साधारण दहा टक्क्यांनी कमी असतो आणि फोकसिंगमध्ये दोघांच्या मधला वापरतात, त्यामुळे प्रोग्राममध्ये वेगाची तीन व्हेरिएबल्स शेजारी-शेजारी पडलेली असतात. ठिपका अँटेनाबरोबर कक्षेत चालतो, म्हणून कक्षेतलाच.

चॅनलचा क्रम कुठला? चालीच्या दिशेने पुढचा तुकडा एक नंबर की मागचा, हे डेटासोबतच्या कागदात बहुधा लिहिलेलं असतं आणि अधूनमधून उलटं लिहिलेलं असतं. मॅट्रिक्स लावल्यावर भूत कमी होण्याऐवजी वाढलं तर क्रम उलटा करून बघा. मी आता हे पहिल्याच दिवशी करते.

डॉप्लरचा मध्य शून्यावर नसेल तर चार फ्रिक्वेन्सींची खिडकी त्या मध्याभोवती सरकवा. ती शून्याभोवती धरून ठेवली तर पट्ट्याचं एक टोक कापलं जातं आणि दुसरीकडे रिकामी जागा उलगडत बसतो.

पेपरांमध्ये अंतराच्या वर्गाचं एक स्थिर फेजचं पदही असतं. नऊ मीटर, ५.५५ सेंटिमीटर आणि ८५० किलोमीटर घालून पाहिलं तर ते ०.००३ रेडियनहून लहान निघतं. ठेवा नाहीतर सोडा, भुताला त्याचा पत्ताही लागणार नाही.

खरी मेहनत: चॅनल एकसारखे करणं

मॅट्रिक्स प्रोग्राममध्ये वीस ओळींची आहे. माझा तीन-चतुर्थांश वेळ जातो तो चॅनलमधला फरक शोधण्यात. प्रत्येक चॅनलची केबल वेगळी, ॲम्प्लिफायर वेगळा, उन्हात आणि सावलीत तापमान वेगळं. मॅट्रिक्स सगळे कान सारखे आहेत असं गृहीत धरते.

फरकाची किंमत दोन चॅनलच्या सोप्या उदाहरणात नेमकी काढता येते. ठिपके एकसारखे आहेत, पण दुसऱ्या चॅनलची फेज थोडी सरकलेली आहे. भुताचं मूळ चित्राशी प्रमाण म्हणजे त्या फरकाच्या निम्म्या कोनाचा टॅन. फरक १० अंश असेल तर भूत उणे २१ डीबीला, ५ अंशांना उणे २७ आणि २ अंशांवर आणलात तर उणे ३५. फेज बरोबर पण आवाज १ डीबीने कमीजास्त असेल, तर उणे २५. मी विद्यार्थ्यांना हे आकडे टेबलावर चिकटवून ठेवायला सांगते. किती मेहनत पुरे, हे त्यावरून ठरतं.

फरक मोजायचा कसा? उपग्रहावर आतल्या आत फिरवलेल्या कॅलिब्रेशनच्या पल्स असतील तर तिथून सुरुवात करा. पण त्या अँटेनाच्या पॅनेलपर्यंत पूर्ण पोचत नाहीत, म्हणून थोडा फरक उरतोच. तो खुद्द चित्राच्या डेटातून काढायचा. एकाच पल्सचे शेजारचे दोन चॅनल घ्या, एकाला दुसऱ्याच्या कॉंज्युगेटने (फेजचं चिन्ह उलटं केलेल्या रूपाने) गुणा, हजारो नमुन्यांची सरासरी काढा आणि तिचा कोन पाहा.

त्या कोनात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: चॅनलचा फरक आणि डॉप्लरच्या मध्यामुळे आलेली फेज. तीन मीटरच्या तुकड्यांना डॉप्लरचा मध्य १०० हर्ट्झने चुकला तर ७ अंश येतात. म्हणजे तुम्ही ज्याला केबलचा दोष समजून दुरुस्त केलंत तो दोष नव्हताच, आणि आता तुम्ही स्वतः ७ अंशांचं भूत घातलंत. एकदा मी हे रीतसर करून, अहवाल लिहून, वर सादरही केलं होतं.

सोडवणूक कागदाच्या फेरीत आहे. पहिल्या चॅनलवरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर, आणि चौथ्यावरून पुढच्या पल्सच्या पहिल्यावर अशी फेरी घाला. प्रत्येक पावलाचा कोन मिळवत गेलात की चॅनलचे फरक फेरी पुरी होताना आपसात उडतात. उरतं ते फक्त डॉप्लरमुळे आलेलं. त्यातून मध्य काढा, मग एकेका पावलातून त्याचा वाटा वजा करा, उरलेला तो खरा फरक. फेरीतून मध्य मिळतो तो पीआरएफच्या पटीत मागेपुढे असू शकतो. कुठली पट, ते उपग्रह किती आणि कुठे कललेला होता या माहितीवरून ठरवा. आणि ठिपके जवळजवळ एकावर एक पडत असतील, तर फेरीतली पावलं सारखी धरू नका, त्यांची खरी अंतरं घाला.

याहून नाजूक पद्धतीत प्रत्येक डॉप्लर बिनची कोव्हेरियन्स मॅट्रिक्स काढून तिचे आयगेनव्हेक्टर घेतात आणि नॉइजच्या दिशांना काटकोनात असलेली चॅनलची फेज शोधतात. उत्तम चालते, पण चॅनलची संख्या त्या बिनमध्ये दुमडलेल्या फ्रिक्वेन्सींपेक्षा जास्त असेल तरच. चारात चार दुमडलेल्या असतील तर नॉइजला जागाच उरत नाही. तिथे आयगेनव्हेक्टर काहीतरी सांगतात, पण त्यावर विश्वास ठेवू नका.

घरी करायचा प्रयोग

मल्टिचॅनलचा कच्चा डेटा सहज मिळत नाही. पण एका चॅनलचा असला तरी काम भागतं. सेंटिनेल-१च्या स्ट्रिपमॅप मोडचा (एकाच सलग पट्टीचं चित्र घेणारा मोड) कच्चा डेटा मोफत आहे. त्याच्या सम ओळी एका फाइलमध्ये, विषम ओळी दुसऱ्या फाइलमध्ये टाका. झाले दोन चॅनल, सोयीच्या पीआरएफवर. विषम फाइलला १० अंशांची फेज लावा, पुन्हा पिसा, फोकस करा. समुद्रातलं एखादं जहाज बघा. आधीच्या सूत्रातल्या निम्म्या अंतरावर दोन्ही बाजूंना भुतं उगवतील.

भुताचं शिखर मोजलंत तर उणे २१ मिळणार नाही, सुमारे ६ डीबी कमी मिळेल. खूश होऊ नका. भूत दोन बाजूंना वाटलं गेलंय आणि प्रत्येकाला डॉप्लरचा निम्माच पट्टा मिळालाय, म्हणून ते दुप्पट रुंद आणि बुटकं आहे. दोन्हींची ऊर्जा एकत्र करा, आकडा जुळतो. आता वरची फेरी घालून ते १० अंश डेटातूनच परत मिळवायचा प्रयत्न करा. अर्ध्या अंशाच्या आत आलात तर खऱ्या डेटाला हात घाला.

निसारबद्दल, कारण सगळे विचारतात

३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह गेला. त्याच्या एस-बँडचं रडार इस्रोचं, एल-बँडचं नासाचं, आणि दोघांना मिळून बारा मीटरची जाळीची छत्री. त्यातही पुष्कळ चॅनल आहेत, पण ते ॲझिमथला नाहीत, उंचीच्या दिशेला आहेत. आमची मॅट्रिक्स तिथे लागू नाही. तिथे २४० किलोमीटर रुंद पट्ट्यातून एकाच वेळी एकाहून जास्त पल्सचे प्रतिध्वनी परत येत असतात आणि ऐकणारा अरुंद बीम प्रत्येक प्रतिध्वनीच्या मागे जमिनीवरून धावतो, म्हणजे रेंजची भुतं दारातच अडवली जातात. पाठवताना रिसीव्हर बहिरा होतो, त्या वेळच्या ठरावीक अंतरांवर फटी पडतात. पीआरएफ मुद्दाम थोडाथोडा बदलत ठेवला की फटी एका जागी साठत नाहीत.

भूत गेलं हे कसं ठरवायचं

डोळ्यांवर सोडू नका. दृश्यात उजळ वस्ती आणि तिच्यापासून हिशोबाच्या अंतरावर काळं पाणी, असा कोपरा शोधा. त्या पाण्याच्या चौकोनाची सरासरी दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर काढा. मग भूत पडूच शकत नाही अशा पाण्याचा दुसरा चौकोन घेऊन तेच करा. पहिला काळा झाला आणि दुसरा जागच्या जागी राहिला, तर जमलं. पहिला काळा झाला पण दुसरा दोन-तीन डीबीने उजळला, तर भूत गेलं नाही, नॉइजखाली दडलंय. तेव्हा पीआरएफकडे परत जा आणि ठिपके किती जवळ आलेत ते पाहा. सरळ उलटवण्याऐवजी नॉइजचा हिशोब धरून उलटवणारी मॅट्रिक्स लावली तर काही डीबी परत मिळतात. ठिपके एकमेकांवरच बसले असतील तर त्यानेही काही होत नाही, तिथे चॅनल टाकायचा.

दोन्ही चौकोन अजिबात हलले नाहीत, तर माझा पहिला संशय चॅनलच्या क्रमावर, दुसरा दीड मीटरच्या जागी घातलेल्या तिनावर.